पटाचा इतिहास लिहायचा असंन तर आधी जागा धुंडा, जोड्या मागून

धान निघाले, मंडई म्हणजे गावची जत्रा झाली, नाटकं लागली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, पटाचे म्हणजे बैलजोड्या पळवायच्या शर्यतींचे दिवस येतात, आणि आता हरेक मंडळाले स्मरणिका काढायची हौस आली आहे. पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापलेलं असते "शंभर वर्षांची परंपरा लाभलेला भव्य इनामी शंकरपट", आणि कोणी विचारलंच की भाऊ हे शंभर कुठून मोजले, तर अध्यक्ष सचिवाकडं पाहते, सचिव कोषाध्यक्षाकडं पाहते, कोषाध्यक्ष म्हणते आधी चहा सांगा. मग ते काम गावातल्या अशा पोराच्या गळ्यात पडते ज्याच्याजवळ लॅपटॉप आहे. तुम्ही ते पोरगं असाल, किंवा शाळेतले गुरुजी असाल, तर हे तुमच्यासाठीच लिहून राहिलो.

यात मधामधात इंग्लंडच्या कुत्र्यांची गोठ येईल, त्याचं कारण आधीच सांगून देतो. तिकडं ग्रेहाउंड जातीच्या लांब तंगड्यांच्या कुत्र्यांच्या शर्यती लावणारी एक संस्था होती, ग्रेहाउंड रेसिंग असोसिएशन, थोडक्यात जीआरए. १९२६ ले तिनं पहिली शर्यत लावली, मोठमोठाले स्टेडियम भरवले, आणि मग एकेक करून ते स्टेडियम विकल्या गेले. जन्मापासून शेवटापर्यंत सगळं कागदावर आहे, म्हणून नमुना म्हणून पाहाले ती लय कामाची आहे. आमच्या बैठकीत एकानं विचारलं बी, "कुत्रे कुठं नं आपले बैल कुठं बे?" त्याले एवढंच सांगितलं की मले मंडळाची तुलना मंडळाशी करायची आहे आणि मैदानाची मैदानाशी, बैलाले हात लावत नाही.

तीन वह्या करा, एक नको

सगळ्यात मोठा घोळ इथं होते. मंडळ कधी स्थापन झालं, सध्याच्या जागेवर पट कधीपासून भरते, आणि गावात बैल पळवायची चाल कधीपासून आहे, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्ही एकातच कालवून देतात. आजोबाच्या आजोबानं नदीच्या रेतीत जोडी पळवली होती म्हणून मंडळ शंभर वर्षांचं होत नाही, मंडळाची नोंदणी १९८० ची असू शकते आणि जागा तर त्याच्याही नंतर बदललेली असू शकते.

जीआरएवर हे लावून पाहा म्हणजे लगेच समजून येते. खेळाची वही उघडली तर ती १९२६ च्या लय मागं जाते. लंडनजवळच्या हेंडनले ११ सप्टेंबर १८७६ ले रुळावरून ओढलेल्या खोट्या सशाच्या मागं कुत्रे सोडले होते, सरळ पट्टीवर, ४०० यार्ड. ते काही चाललं नाही, कारण सरळ रेषेत जो जोरात पळते तोच दरवेळी जिंकते, चुरस राहत नाही. मग अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या माणसानं विजेवर पळणारा ससा बसवला आणि गोल फिरणारी पट्टी केली, १९१९ ले कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलले ती सुरू झाली. तिथून चार्ल्स मन नावाचा अमेरिकन ही कल्पना इंग्लंडले घेऊन आला, त्याले ब्रिगेडियर जनरल क्रिचली भेटला, आणि जीआरए उभी राहिली. म्हणजे खेळ १८७६ चा, त्याचं आजचं रूप १९१९ चं, आणि संस्थेची पहिली शर्यत १९२६ ची. तिघांचं वय वेगळं.

संस्थेची वही वेगळीच चालते. क्लब म्हणा कंपनी म्हणा, ती नाव बदलते, मालक बदलते. जीआरएच्या नावात पुढं जाऊन प्रॉपर्टी ट्रस्ट हे शब्द आले, ते वाचूनच अर्धा इतिहास कळून जाते ना बाप्पा. १९८७ ले वेम्बली स्टेडियमच्या कंपनीनं ती घेतली, आणि २००५ ले जे नवे मालक आले त्यात गॅलियार्ड होम्स ही घरं बांधणारी कंपनी होती. कुत्र्यांच्या संस्थेत बिल्डर भागीदार झाला की पुढं काय होणार ते आपल्या नागपूरच्या लेआउटवाल्यालेही समजते.

तिसरी वही जागांची, आणि माझ्या मते खरा इतिहास तिच्यातच आहे, बाकी दोन तिच्या आजूबाजूनं लिहायच्या.

पहिला म्हणताना जपून

"विदर्भातला पहिला पट" असं लिहायचा मोह सगळ्यांनाच होते. तिकडं वऱ्हाडात धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचं नाव सगळ्या विदर्भात आहे, इकडं भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत गावोगाव पट आहेत, आणि हरेकाले वाटते आपलाच पहिला. जीआरएचे लोक बी मॅंचेस्टरच्या बेल व्ह्यू स्टेडियमले ब्रिटनमधलं पहिलं म्हणत, पण नीट लिहिणारे काय लिहितात पाहा, "विजेच्या सशाची गोल पट्टी असलेलं पहिलं". एवढं विशेषण लावलं की हेंडनचे १८७६ वाले भांडाले येत नाहीत. आपणही तसंच करायचं. "आपल्या तालुक्यात सेकंदावर घेतलेला पहिला पट" असं लिहिलं नं ते खरं असंन तर त्याची किंमत "विदर्भातला पहिला" याच्याहून जास्त आहे, कारण ते कोणी खोडू शकत नाही.

बेल व्ह्यूचा पहिला दिवस कसा नोंदवला आहे ते एकदा पाहून घ्या, नोंद कशी असावी याचा तो धडाच आहे. मॅंचेस्टर, शनिवार, २४ जुलै १९२६. सहा शर्यती, एकेका शर्यतीत सात कुत्रे. पहिली शर्यत ४४० यार्ड, जिंकणारा मिस्टली, वेळ २५ सेकंद. पाहाले आलेले लोक सुमारे १,७००. संपलं. कुठंच "अलोट जनसागर उसळला" नाही. आता तुमच्या मंडळाच्या जुन्या बातमीचं कात्रण काढून पाहा, त्यात "हजारो पटशौकिनांची उपस्थिती" असंन, आमदार साहेबांचं नाव असंन, पण कोणाच्या जोडीनं किती अंतर किती सेकंदात काढलं ते नसंन. ह्या वर्षीपासून तरी सहा रकाने आखा: तारीख, जागा, अंतर, जोडीमालक, धुरकरी (जोडी हाकणारा), वेळ. पुढच्या पिढीतला जो कोणी लॅपटॉपवाला असंन तो तुमचे पाय धरंन.

जागा कशी धुंडायची

पहिले गट नंबर काढा. पट जिथं भरते तिथं जाऊन उभं राहा, चाकोऱ्या (बैल पळायच्या पट्ट्या) जिथून सुटतात तिथं नं जिथं संपतात तिथं मोबाईलवर लोकेशन टाका, दोन्ही जागचं. मग तलाठ्याकडून गाव नकाशा पाहून गट नंबर घ्या आणि सातबारा काढा, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात ऑनलाइन निघते. त्यात पाहायचं की जमीन खाजगी आहे का सरकारी, गायरान आहे का, आणि फेरफार क्रमांक कोणकोणते आहेत. ते फेरफार मागं मागं काढत गेलं की जमीन कोणाकडून कोणाकडं गेली ते कळते.

आता आपल्या विदर्भाची खासियत, जी पुण्याकडच्या माणसाले माहीत नसते. नागपूर विभागातले जे मालगुजारीचे जिल्हे होते, भंडारा, गोंदिया, चांदा, गडचिरोली, वर्धा, नागपूर, तिथं मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची पद्धत) १९५१ ले गेली आणि गावातली सामायिक जागा सरकारजमा झाली. त्यानंतर १९५४-५५ चं अधिकार अभिलेख तयार झालं, त्याची नक्कल मागा. आणि त्याच्यासोबत निस्तार पत्रक मागा, वाजिब-उल-अर्ज मागा. निस्तार पत्रकात गावाले कोणत्या पडीक जागेवर काय हक्क आहे ते असते, चराई, जळतण, माती, आखर (ढोरं जमवायची जागा), मसणवट, अशा कामांच्या जागा नंबरानिशी लिहिलेल्या असतात, आणि वाजिब-उल-अर्ज मधे रस्ता, पाणी, मासेमारीच्या वहिवाटी. हे दोन्ही कागद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आजही आहेत, कलम १६१ नं कलम १६५. "पट" हा शब्द तुम्हाले त्यात थेट सापडंनच असं नाही, पण आज जिथं पट भरते तो नंबर तेव्हा चराईचा होता का आखराचा का मालगुजाराच्या घरखुदीचा (त्याच्या स्वतःच्या शेतीचा), एवढं कळलं तरी पानभर इतिहास निघते. वऱ्हाडातल्या जिल्ह्यांत मालगुजारी नव्हती, तिकडं कागदाची चाल वेगळी आहे, तिथं जुन्या खातेनोंदींपासून सुरुवात करा.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे गेल्यावर काय होते ते सांगाले नको. मले एका कार्यालयात सांगितलं की जुने कागद वाळवीनं खाल्ले, नं दुसऱ्या बाबूनं तेच कागद पुढच्या खेपेले काढून दिले. तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नक्कल फी भरा, आणि तेही नाही झालं तर माहिती अधिकारात १० रुपयाचा अर्ज, ३० दिवसात उत्तर द्यावं लागते. अर्जात "पटाचा इतिहास द्या" असं लिहाल तर उत्तर येईल माहिती उपलब्ध नाही, "मौजा अमुक, गट नंबर तमुक, अधिकार अभिलेख १९५४-५५ ची प्रमाणित प्रत" असं लिहिलं तर कागद येते. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख आता स्कॅन होऊन ऑनलाइन बी आहेत, आधी तिथं पाहून घ्या, पेट्रोल वाचंन.

गुगल अर्थचा उपयोग लोक करत नाहीत, करा. त्यात जुन्या वर्षांचे फोटो पाहाची सोय असते, आपल्या गावावर जाऊन जानेवारी ते मार्चमधला फोटो निवडा, लाखोळी हिरवी असते नं बांध्यांच्या मधात दोन पांढुरक्या सरळ रेघा शेजारी शेजारी दिसल्या की समजा तो पट. ज्या वर्षीच्या फोटोत रेघा नाहीत त्या वर्षी एकतर पट झाला नाही नाहीतर दुसरीकडं झाला, मग ते म्हाताऱ्यांना विचारायचं. लंडनवर गेलात तर तिथं १९४५ चा सुद्धा विमानातून काढलेला फोटो आहे, त्यात कुत्र्यांच्या स्टेडियमचे लांबट गोल स्पष्ट दिसतात नं आताच्या फोटोत त्याच जागी काय आहे तेही पाहता येते.

काय आहे तिथं आता? हीच तर जागांची वही. व्हाइट सिटी स्टेडियम १९०८ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलं होतं, नंतर ओसाड पडलं होतं, जीआरएनं घेतलं आणि १९२७ पासून तिथं कुत्रे पळाले, इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी ही त्यांची सगळ्यात मोठी शर्यत तिथंच सुरू झाली, १९८४ ले बंद, पाडून तिथं बीबीसीचं ऑफिस झालं. हॅरिंगे १९२७ ले सुरू, १९८७ ले बंद, आता सेन्सबरीचं सुपरमार्केट. एडिनबराचं पावडरहॉल तर मुळात माणसांच्या धावण्याच्या शर्यतीचं मैदान, तिथली नववर्षाची शर्यत १८७० पासूनची, कुत्रे आले १९२७ ले, गेले १९९५ ले, मग घरं. बर्मिंगहॅमचं हॉल ग्रीन २०१७ ले बंद. विम्बल्डन त्याच वर्षी मार्चमधे बंद, आता तिथं फुटबॉलचं मैदान. आणि जिथून सगळं सुरू झालं ते बेल व्ह्यू २०२० ले. कोणत्या कुत्र्यानं काय जिंकलं हे माहीत नसलं तरी ही यादी वाचून संस्थेचं काय झालं ते तुम्हाले समजलं की नाही?

आपल्याकडं बी असंच आहे फक्त कोणी लिहून ठेवत नाही. कोणाचा पट गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेला, कोणाच्या पटावर घरकुलं झाली, कुठं मालकानं लेआउट पाडला, कुठं पोरांच्या वाटणीत बांधी (धानाचं शेत) तिघांत गेली नं मधातच धुरा (बांध) आला. हे लिहा. गावातल्या लोकांना ते जोड्यांच्या नावाहून जास्त आठवते, फक्त कोणी विचारत नाही.

म्हाताऱ्यांना काय विचारायचं

"बाबाजी, पट कवापासून आहे?" असं विचाराल तर उत्तर एकच, "लय जुना आहे जी, आमच्या बापाच्या बापापासून." हे उत्तर कितीही ठिकाणी विचारा, तेच येते, आणि त्याचा काही उपयोग नाही. साल विचारायचंच नाही. प्रसंग विचारायचा. आमच्या गावचे एक जुने धुरकरी आहेत, आता नजर अधू झाली, त्यांच्यासोबतची बोलाचाली जशी झाली तशी देतो.

"बाबाजी, तुम्ही स्वतः पहिल्यांदा दोरी हाती घेतली तवा लगन झालं होतं का?"
"नाही जी. लगनाच्या आंदीच."
"आणि त्या साली धान कसे होते?"
"धान कुठले? दुष्काळ नव्हता का. सुकडी खाल्ली आमी."
"मग दुष्काळात पट भरला?"
"त्या साली नाही. मालकानं बैल इकले. त्याच्या पुढल्या साली भरला, नवी जोडी आणली तवा."

झालं, १९७२ चा दुष्काळ, पट त्या हंगामात बंद, पुढच्या हंगामात चालू, आणि हे धुरकरी तेव्हा अविवाहित. आता दुसऱ्या म्हाताऱ्याले तेच विचारायचं, पहिल्यानं काय सांगितलं ते न सांगता. दोघांचं जुळलं तर लिहा, नाही जुळलं तर दोन्ही लिहा, पंचायत आपण करायची नाही.

खुंटीसारखे वापराले काही साल पाठ करून ठेवा: १९५१ मालगुजारी गेली, १९७२ दुष्काळ, १९७५ आणीबाणी, १९८४ इंदिराबाई गेल्या, १९९१ मोवाडचा पूर, २०२० ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेचा पूर. गावची खुंटी वेगळी असते, लाइट कवा आली, डांबर कवा पडलं, शाळा सातवीपर्यंत कवा झाली, सरपंच कोण होता. ग्रामपंचायतीच्या ठरावाच्या रजिस्टरमधे याचे साल सापडतात. बायांना विचाराले विसरू नका. पटाच्या दिवशी पाहुणे किती आले, किती पायल्या तांदूळ शिजले, नाटक कोणतं लागलं, हे त्यांनाच आठवते, आणि नाटकाच्या नावावरून साल काढता येते कारण वडसाच्या नाटक मंडळ्यांची हँडबिलं लोकांच्या पेटीत अजून पडलेली असतात.

कागदावर तारीख नसली तर

ह्यात मले सगळ्यात जास्त मजा येते. जुनी पावती, पत्रिका, ढालीवरची पट्टी, शिक्का, काहीही द्या, तारीख फाटलेली असली तरी साल जवळपास काढता येते.

जिल्ह्याचं नाव पाहा. गोंदियाच्या बाजूच्या गावाच्या पावतीवर "जिल्हा भंडारा" असंन तर ती १ मे १९९९ च्या आधीची, कारण गोंदिया जिल्हा तेव्हा झाला. गडचिरोलीकडच्या गावावर "जि. चंद्रपूर" किंवा "चांदा" असंन तर ऑगस्ट १९८२ च्या आधीची. वाशीमवाल्या गावावर "जि. अकोला" म्हणजे जुलै १९९८ च्या आधीची. मग राज्य पाहा. "मध्यप्रांत व वऱ्हाड" छापलं असंन तर १९५० च्या आधीचं, "मध्यप्रदेश" असंन तर नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं, "मुंबई राज्य" असंन तर १९५६ ते १ मे १९६० याच्यामधलं. अर्थात छापलेले पॅड उरले तर लोक वर्षानुवर्षं तेच वापरतात, आपल्याकडं काही फेकत नाहीत, म्हणून एकट्या छापीव मजकुरावर विसंबू नका, हातानं लिहिलेलं पाहा.

हातानं लिहिलेल्यात पैसा पाहा. वर्गणी रुपये-आणे-पै मधे असंन तर एप्रिल १९५७ च्या आधीची किंवा फार तर त्याच्या थोडी नंतरची. "न.पै." म्हणजे नये पैसे लिहिलं असंन तर १९५७ ते १९६४. पत्त्यात पिनकोड असंन तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरची, पिनकोड त्या दिवशी सुरू झाले. एवढ्यावरून एका मंडळाची तारीख नसलेली वर्गणीची वही आम्ही जवळपास तीन वर्षांच्या टप्प्यात आणून बसवली: आतल्या पानावर न.पै., आणि शिक्क्यात मुंबई राज्य. शेवटच्या पानावर बक्षिसांची यादी होती, पहिलं इनाम रोख नव्हतंच, तांब्याचा गुंड (पाण्याचं भांडं) नं धोतरजोडा. ते पान स्मरणिकेत तसंच्या तसं छापा, टाइप करून नका छापू.

मंडळ नोंदणीकृत असंन तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात त्याची फाइल असते. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पहिल्या विश्वस्तांची नावं, पुढचे फेरफार अहवाल, हिशेब. मंडळाची स्थापना म्हणून हीच तारीख लिहायची, नोंदणीच्या आधीचं काम असंन तर "त्यापूर्वी गावकरी मिळून भरवत" असं वेगळं लिहायचं. पेपरसाठी नागपूरच्या मोठ्या वाचनालयात जुने अंक पाहाले मिळतात, हितवाद १९११ पासूनचा आहे, मराठी दैनिकं त्यानंतरची. जानेवारी-फेब्रुवारीचेच अंक काढा, बाकी महिने चाळत बसू नका.

पैसा नं कायदा टाळू नका

स्मरणिकेत हे दोन विषय कोणाले नको असतात, आणि नेमके तेच दोन विषय पट का वाढला नं का थांबला ते सांगतात.

जीआरएचं पाहा. लोक कुत्रं पाहाले कमी, पैसा लावाले जास्त येत. १९३४ च्या कायद्यानं स्टेडियमवर टोट मशीन (सगळ्यांचा लावलेला पैसा एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारं यंत्र) लावाले परवानगी दिली पण वर्षातून १०४ च दिवस सट्टा, असं बांधून टाकलं. महायुद्ध संपल्यावर १९४६ च्या आसपास गर्दीचा कळस झाला. मग १९६० चा कायदा आला, १९६१ पासून गल्लीगल्लीत सट्ट्याची दुकानं कायदेशीर झाली, आता पैसा लावाले थंडीत स्टेडियमवर जायची गरज काय राहिली? तिथून गर्दी ओसरली आणि जमिनीचा भाव तिकिटाच्या पैशाहून मोठा झाला. तरी जोर किती होता पाहा, १९६६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपात उरुग्वे-फ्रान्स सामना वेम्बलीत होऊ शकला नाही, मालकानं कुत्र्यांची ठरलेली शर्यत रद्द कराले नकार दिला, सामना व्हाइट सिटीवर न्यावा लागला.

आपल्या पटाच्या कायद्याचे साल बिनचूक लिहा, यात लोक लय गोंधळ करतात. जुलै २०११ ले केंद्राच्या अधिसूचनेत बैलाचं नाव आलं, की ह्या प्राण्याले खेळासाठी शिकवता-दाखवता येणार नाही. ७ मे २०१४ ले सुप्रीम कोर्टानं तमिळनाडूतल्या जल्लीकट्टू ह्या बैलांच्या खेळासोबत बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ ले महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली पण हायकोर्टात ती अडकली. १६ डिसेंबर २०२१ ले सुप्रीम कोर्टानं अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ले पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात हंगामांत गावात पट नव्हता, पण बऱ्याच ठिकाणी मंडई नं नाटक चालू राहिलं. त्या वर्षांसाठी स्मरणिकेत पान कोरं सोडू नका, पटाचे बैल कोणी विकले, धुरकरी कोणत्या कामाले लागले, चाकोरीवर कोणी चणा पेरला, ते लिहा.

आणि बंदी का आली तेही लिहा. तुतारी (टोकाले खिळा असलेली काठी) टोचणं, शेपटी पिरगाळणं, बॅटरीचा शॉक, दारू पाजणं, हे सगळ्याच पटांत नव्हतं पण होतं, सगळ्यांना माहीत आहे. इंग्लंडमधेही शर्यतीत जखमी होणाऱ्या नं निवृत्त झालेल्या कुत्र्यांचा प्रश्न कित्येक वर्षं दाबून ठेवला होता, आता तिथली नियामक संस्था २०१८ पासून जखमांचे आकडे दरवर्षी जाहीर करते. परवानगीच्या काळातले तुमचे कागद तर तयारच आहेत, जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी, पशुवैद्यकीय डॉक्टरचं प्रमाणपत्र, त्याची झेरॉक्स फाइलले लावून ठेवा.

जोड्या, धुरकरी, सेकंद

आता या जोड्यांकडं. लोकांना हेच वाचायचं असते आणि इथंच सगळ्यात जास्त फेकाफेक असते. "आमच्या जोडीनं पाच सेकंदात काढला" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न, किती अंतर? ते अंतर पावलांनी मोजलं का टेपनं? घड्याळ हातात होतं का इलेक्ट्रॉनिक टायमर? अंतर वेगळं असंन तर दोन सेकंदांची तुलना करण्यात काही दम नाही. इंग्रजांनाही ही अडचण आली, १९७५ पर्यंत यार्ड, मग मीटर, म्हणून जुनी नोंद पाहताना ५२५ यार्ड म्हणजे ४८० मीटर हे ध्यानात ठेवावं लागते. मिक द मिलर नावाचा त्यांचा जो सगळ्यात नामी कुत्रा, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं डर्बी जिंकला, त्यानं १९२९ ले ५२५ यार्ड २९.८२ सेकंदात काढले, ३० सेकंदाच्या आत येणारा तो पहिला. ते वाक्य टिकलं कारण अंतर, साल, वेळ तिन्ही सोबत आहेत. तो कुत्रा मेल्यावर भुसा भरून ठेवला आहे, लंडनजवळ ट्रिंगच्या म्युझियममधे.

आपल्याकडं बैल तसा ठेवत नाहीत, पण पटाच्या बैलाले शेताच्या धुऱ्यावर पुरलं, वर दगड ठेवला, अशा जागा असतात. तिथं जाऊन फोटो काढा. जोडीत दोन बैल असतात, दोघांची नावं लिहा, फक्त मालकाचं नाव नको. धुरकऱ्याचं नाव तर हमखास राहून जाते, कारण इनाम मालक घेते नं फोटोत मालक उभा असते. जुन्या फोटोत छकड्यावर किंवा बाजूले जो लहानखुरा माणूस दोरी धरून आहे तो कोण, हे आत्ताच विचारून घ्या.

लिहून झाल्यावर छापायच्या आधी पाच-सहा पानं मोठ्या टाइपात काढून पारावर मोठ्यानं वाचून दाखवा, चुका तिथंच निघतात, भांडणं बी तिथंच होऊन जातात. जाहिरातीचं पान नं इतिहासाचं पान आमोरासमोर लावू नका, ज्यानं वर्गणी जास्त दिली त्याच्या आजोबाचं नाव आपोआप मोठं होते. मूळ कागद ज्याचे त्याले परत करा, स्कॅन करून पेनड्राइव्हमधे एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक मंडळाच्या सचिवाजवळ. फोटोच्या मागं पेननं लिहू नका, शाई पुढं फुटते, पेन्सिलनं हलक्या हातानं साल, जागा नं डावीकडून उजवीकडं नावं लिहा, नं बैलांचीही.